सबकाला लावलेली चाल

उस्ताद, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता डोळे मिटावे लागतात. हट्टा गावच्या मशिदीची ओसरी मात्र उघड्या डोळ्यांनीही दिसते. पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन महिने झालेत. तिथं भरणाऱ्या तुमच्या मकतबात, कुराण पढायच्या शाळेत, नऊच लेकरं उरलीत. काही घरं गाव सोडून गेली. उरलेले बाप म्हणतात, आता कचेरीत उर्दू चालत न्हाई, अरबी पढून काय करायचं, पोरगं नुसतं मराठी शाळेत जाऊ द्या. तुम्ही त्यांना विनवलंत, शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर लेकरांचं पढणं एकदा ऐका, मग ठरवा. आणि नेमके तापानं पडलात. थोरला शागीर्द मी, म्हणून धाकट्यांचा सबक, रोजचा धडा, घेणं माझ्याकडं आलं.

कुराणातल्या छोट्या सूरतीसुद्धा त्यांच्या तोंडात बसेनात. अर्थ त्यांना ठाऊक नाही, मलाही नाही. मराठी शाळेतल्या कवितांनी तेव्हा मला झपाटलेलं; त्यातल्याच एकीची चाल मी सूरतींना लावून दिली. तीन दिवसांत सगळं पाठ!

जुम्म्याला तुम्ही काठी टेकत आलात. बाप ओळीनं बसलेले. लेकरं सुरू करतात, ओढू नये तिथं ओढतात, थांबू नये तिथं थांबतात, वर माना डोलावतात. कापूस पिंजणारे चाचा मांडीवर थाप मारून म्हणाले, "मौलीसाब, हे कुरान पढून राहिले का कविता म्हणून राहिले? कविताच म्हणायची तर शाळा काय वाईट हाय?" सगळी ओसरी हसली. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, तेवढंच. मग म्हणालात, "चूक माझी हाय. तापाच्या भरात मीच असं शिकवलं. लेकरांना बोल लावू नका."

दुसऱ्या दिवशी दोघंच आली. पुढं तीही येईनात, तेव्हा तुम्ही चटया गुंडाळल्या. गुंडाळता गुंडाळता एकदाच विचारलंत, "काहून केलं, बेटा?"

"लवकर पाठ व्हावं म्हणून, उस्ताद."

"बराबर," म्हणालात, आणि दोरी बांधायला लागलात.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? घरातल्या जुन्या पेटीत राहील. पण ते उत्तर पुरतं खरं नव्हतं. पाठ झाल्यावर चाल सोडवायला माझ्या हातात चार दिवस होते. मी सोडवली नाही. मला ती फार गोड लागत होती.