खिळ्यावर नसलेला बिल्ला

सोम., ७ एप्रिल
केदारला फोन केला. शनिवारी पालखी, यंदा पहिल्या खांद्याचा मान आपल्या घरात, आणि हा म्हणतो रजा नाही. म्हटलं, कोळसा काय पळून जातोय? इतकी वर्षं पडलाय, अजून दोन दिवस पडेल. हसला नुसता. मी रागाने फोन ठेवून दिला. हे म्हणतात, किती मागे लागशील पोराच्या. लागणार. एकुलता एक, तोही तिकडे चांद्याला जमिनीखाली. इथे वाडी आहे, पाहुण्यांच्या दोन खोल्या आहेत, समुद्र आहे. पण नाही.

गुरु., १० एप्रिल, संध्या.
पाहुण्यांची सुरमई तळत होते. शेजारची वंदना धावत आली, वैनी टीव्ही लाव म्हणाली. दुपारी खाणीत छत बसलं. सात जण खाली. केदारचीच खाण. त्याचा फोन नुसता वाजतोय.

ह्यांनी तिथल्या कचेरीत लावला. बाबूने नावं वाचली. चौथं केदारचं.

सुरमई करपली. पाहुणीने येऊन गॅस बंद केला, मला खाली बसवलं. तिचं नावही मी नीट विचारलं नव्हतं.

शुक्र., ११ एप्रिल, सकाळी
सहा जण वर काढले. सगळे जिवंत. एक राहिला. कोण ते बाबूला विचारलं. म्हणाला, धीर धरा ताई. म्हणजे आमचाच. बचाववाले दुसऱ्यांदा आत गेलेत.

ह्यांची बॅग भरली. शर्ट किती घालू, परत कधी येणार, काही कळत नाही.

देवाला नवस बोलले नाही. भांडले. तुझ्या पालखीसाठीच बोलवत होते ना त्याला, म्हटलं.

सारखं तेच डोक्यात, सोमवारी मी फोन आपटला.

त्याच दि., दुपारी
भराभर लिहितेय. वाचता आलं तर आलं.

हे ओटीवर रिक्षाची वाट बघत होते. रिक्षा आली, आणि तिच्यातून उतरला केदार. पाठीला सॅक. म्हणाला, "काय झालं? सगळे असे का उभे?"

मी आधी एक थोबाडीत ठेवून दिली. मग धरला तो सोडलाच नाही. वंदना मोठ्याने रडत होती, हे खांबाला धरून उभे. पोराच्या अंगाला रेल्वेचा वास. माझा, माझा, जिवंत.

झालं असं. रजा मिळेना म्हणून पठ्ठ्या काल पाळी संपायच्या तासभर आधीच वर आला आणि सुटला गाडी गाठायला. आम्हाला चकित करायचं होतं म्हणे! फोन तिथेच कपाटात विसरला. ज्या एका सोबत्याला सांगून आला, तो त्या सहांतला, बेशुद्ध.

पण मग नाव यादीत कसं? मी विचारलं, आणि के.चा हात खिशात गेला, तसा त्याचा चेहराच उतरला. पितळी बिल्ला. खाली जाताना प्रत्येकाने आपल्या नंबरचा खिळ्यावरून काढून न्यायचा, वर आल्यावर परत अडकवायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस खाली. घाईत हा अडकवायचाच विसरला.

ह्यांच्या फोनवरून लगेच कळवलं, मी वर आहे, आत गेलेल्यांना बाहेर बोलवा. पलीकडचा काय बोलला ते ऐकून के. पायरीवर खालीच बसला. बचाववाले आधीच बाहेर आले होते. त्यांच्यातल्या रामटेकेच्या पायावर दगड आलेला, तासाभरापूर्वी. ह्यालाच शोधताना.

त्याच दि., संध्या.
गेला. दोन घास खाऊन लगेच परत निघाला. मी म्हटलं, उद्याची पालखी करून जा, वर्षभर वाट बघितली. म्हणाला, "आई, तो माझ्यासाठी आत गेला होता." मग मी डब्यात भाकऱ्या बांधल्या.

शनि., १२ एप्रिल
पहिला खांदा ह्यांनी दिला. गुडघा दुखतोय म्हणून रात्रंदिवस कुरकुरणारा माणूस, पार वेशीपर्यंत गेला. लोक मला म्हणत होते, देवाने तारलं हो. मी हो हो म्हणत होते.

लाज वाटते पण लिहून ठेवते. आनंद झालाय मला. पोटभर जेवले, गाढ झोपले. तिकडे एका बाईचा नवरा पायाला प्लास्टर घालून पडलाय, आणि मी इथे नारळ वाढवून आले.

सोम., १४ एप्रिल
के.चा फोन. इस्पितळातच असतो, रामटेकेला उठवतो-बसवतो. गुरुवारी चौकशी. नोकरी राहील का माहीत नाही. राहिली तर परत खाली उतरणार का, विचारलं. बघू म्हणाला. मी मागे लागले नाही.

मग म्हटलं, रामटेकेच्या बायकोला फोन दे. दिवसभर काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण ती फोनवर आली आणि मी केदारची आई एवढंच सांगितलं. तीच बोलली.

"तुमचा पोरगा खाली नव्हता तेच बरं झालं ताई. असता, तर हे असल्या पायानं पुन्हा आत गेले असते."

पायाचं विचारलं. उद्या डॉक्टर बघून सांगतील म्हणाली. उद्या करते फोन म्हटलं, आणि ठेवला. माफी मागायची ती राहूनच गेली.