पडण्याचे तीन महिने

प्रिय गुंड्या,

तुझा खोका पोचला. पोचवायला दोन माणसं आली होती, दोघांच्याही डोळ्यांवर तुझ्यासारखेच काळे चष्मे. दोन जिने चढून येईपर्यंत दोघांचीही दमछाक झाली होती. मी त्यांना आधी पाणी दिलं आणि मग खोका कुठे ठेवायचा ते सांगितलं. आत मरून रंगाचं कापड, अस्तर, आणि वर टाइप केलेली चिठ्ठी. ‘आदरणीय ताईसाहेब, पहिल्या चित्रपटातल्यासारखी जॅकेटं, नग दोन, मापं सोबत जोडली आहेत.’ कागदाच्या माथ्यावर एक बोट वर केलेला तुझा फोटो. सख्ख्या बहिणीला दोन ओळी पाठवताना स्वतःचा फोटो छापणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. तू शर्टाची वरची गुंडी चघळत माझ्या मागे मागे फिरायचास, तेव्हापासून ओळखते तुला. तो फोटो तू बाहेरच्यांना दाखव.

तुझी टीव्हीवरची मुलाखत आम्ही दोघांनी पाहिली. कुणा पत्रकाराने लिहिलं की पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या गाजलेल्या उडीत पडद्यावर दिसते ती पाठ तुझी नाही. झालं, एवढ्याने तुला मिरच्या झोंबल्या. गप्प बसला असतास तर चार दिवसांत लोक विसरले असते. पण नाही, पडला तरी नाक वर! म्हणे, ‘मी आयुष्यात कधी डुप्लिकेट वापरला नाही, आणि येत्या रविवारी त्याच थिएटरच्या गच्चीवरून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तीच उडी मारून दाखवतो.’ माझ्या हातात इस्त्री होती. गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर करपली, त्याची बोलणी मी खाल्ली. तुझे भावोजी शेजारी कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून बसले होते. ते हसले आणि म्हणाले, खरंच बोलतोय तो, मला कुणी वापरलं नाही, मी आपला जाता जाता तिथून पडलो. मला मात्र हसू आलं नाही.

तुझे सगळे सिनेमे मी पाहिलेत. हौसेने नव्हे, कपडे मी शिवलेत म्हणून. काय असतं रे त्यांत? वीस गुंड तुला घेरतात, पण दवाखान्यात नंबर लावल्यासारखे एकेक करून पुढे येतात. बाकीचे मागे मुठी वळून डुलत उभे. तुझी लाथ समोरच्याच्या तोंडापासून वीतभर लांबून जाते आणि तो बिचारा टेबल मोडून, काच फोडून, पायऱ्यांवरून गडगडत खाली जातो. कष्ट त्याचे, टाळ्या तुला. आणि लाथ मारताना तू जी किंकाळी फोडतोस, ती ऐकून पोरं वेडी होतात म्हणे! लहानपणी आईने गार पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतला की तू नेमका हाच आवाज काढायचास. तेव्हा शेजारी धावत यायचे, आता तिकीट काढून येतात.

तू एकटाच असा आहेस असं नाही, तुमची जातच तशी. तो छाती फुगवून शर्ट फाडणारा आहे ना, त्याच्या शर्टांचे खांदे मी कच्च्या टाक्यांवर ठेवते. शिंक आली तरी उसवतील. एकदा उत्साहाच्या भरात मी पक्की शिवण घातली, तर बाबा ओढून ओढून लाल झाला. शेवटी मलाच कात्री घेऊन जावं लागलं. दुसरा, दोन खुर्च्यांवर पाय फाकवून बसणारा, त्याच्या पँटीत मी इतकं इलॅस्टिक घालते की त्यात माझं अख्खं घर बसेल. आणि तू! फिटिंगच्या वेळी दंडाला टाचणी टोचली म्हणून अर्धा दिवस शूटिंग बंद ठेवलंस. त्या दिवशी तू एकट्याने तीस जणांना लोळवणार होतास.

टायरच्या दुकानावरचा तो हॉल आठवतो? जिन्यातच रबराचा वास यायचा, आत फाटक्या गाद्या आणि एकच खिडकी. कराट्याचे सर बुटके, टक्कल पडलेले, दिवसातून चार वाक्यं बोलणारे. त्यांचा नियम एकच, पहिले तीन महिने हात उगारायचा नाही, पाय उचलायचा नाही, फक्त पडायचं. पुढे पडायचं, मागे पडायचं, कुशीवर पडायचं. हनुवटी छातीशी, तळहात जमिनीवर सपकन. नीट पडता येईना त्याला ते मारायला शिकवत नसत. तू अकरा दिवस टिकलास. बाराव्या दिवशी घरी येऊन आईला म्हणालास, मी मारायला शिकायला गेलोय, पडायला नाही, पडणं कुणालाही येतं. आम्ही सगळे हसलो. तेव्हा हसण्याऐवजी कुणीतरी तुझा कान धरून तुला परत नेऊन सोडायला हवं होतं. तुझ्याच तुकडीतला एक काडीपैलवान मुलगा मात्र तीन महिने पडला, चौथ्या महिन्यातही आनंदाने पडत राहिला. मी तुला न्यायला यायची. तू जाणं सोडलंस, मी न्यायला येतच राहिले. तुझे भावोजी तुला मिळाले ते असे.

मग पहिल्या सिनेमाच्या निर्मात्याने तुला विचारलं, कराटे येतं का, आणि तू बेधडक सांगून आलास की ब्लॅक बेल्ट आहे. संध्याकाळी माझ्या मशीनपाशी येऊन उभा, तोंड एवढंसं. बाबांच्या जुन्या कोटाचं काळं अस्तर उसवून मी तुला पट्टा शिवून दिला. काळा दोरा टोकाशी संपला, म्हणून शेवटचे चार टाके तपकिरी घातले. तोच पट्टा आता तुझ्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत टांगलेला आहे. घर दाखवायला बोलावलंस तेव्हा पाहुण्यांना सांगत होतास की गुरूंनी मरणापूर्वी थरथरत्या हातांनी हा माझ्या कमरेला बांधला. मी हातात बशी घेऊन तिथेच उभी होते. माझ्याकडे एकदा तरी बघशील, निदान डोळा मिचकावशील, असं वाटलं होतं. तू बघितलं नाहीस. थाप मारलीस याचं मला काही नाही. ती तुला स्वतःलाच खरी वाटायला लागलीय, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि ती उडी. लोक तुला विचारतात, तू सांगतोस. आता एकदा माझ्याकडून ऐक. जॅकेटं दोन होती, एक तुझं, एक तुझ्या जागी पडणाऱ्या तुझ्या भावोजींचं. त्यांच्या जॅकेटाच्या पाठीत आणि कोपरांत मी स्पंज भरला होता. गच्चीखाली रिकामी पुठ्ठ्याची खोकी रचली होती, वर गाद्या. ह्यांनी उडी मारली तेव्हा तू मागच्या गाडीत केस विंचरत होतास. खोकी एका बाजूला सरकली आणि हे कडेला आदळले. स्टंट करणाऱ्या लोकांत एक रीत आहे. पडलेल्या माणसाने ‘कट’ झाल्यावर झोपूनच एक बोट वर करायचं. बोट वर म्हणजे ठीक आहे, जिवंत आहे. बोट दिसलं नाही की सगळ्यांनी धावायचं. मी सुईदोरा हातात घेऊन उभी होते. बोट दिसेना. कुणी धावेना, कारण कॅमेरा अजून चालू होता. किती वेळ गेला देव जाणे, आणि मग त्या चेपलेल्या खोक्यांतून एक बोट वर आलं. दिग्दर्शकाला ते इतकं आवडलं की त्याने ते सिनेमात ठेवलं. पुढे तू तेच बोट उचललंस. पोस्टरवर, जाहिरातीत, चाहत्यांसमोर, आणि आता बहिणीच्या चिठ्ठीवरसुद्धा. आमच्या गल्लीतली पोरंसुद्धा एकमेकांना ढकलून बोट वर करतात. माझ्या नवऱ्याचा जीव वाचल्याची ती खूण आहे आणि तू तिच्यावर टूथपेस्ट विकतोस.

त्या दिवशी दुखावलेला खुबा दोन वर्षांपूर्वी बदलावा लागला. तू फुलं पाठवलीस, मोठी होती. त्यांत तुझा सही केलेला फोटो होता, तो नर्सने मागून नेला. तू आला नाहीस. शूटिंग होतं म्हणे.

असो. परवा मी कापड टेबलावर पसरलं आणि मापांचा कागद उघडला. पहिलं माप वाचून करमणूक झाली. कंबर छत्तीस लिहिलीयस. गुंड्या, छत्तीस तू तुझ्या तिसऱ्या सिनेमात मागे टाकलीस. मग दुसऱ्या मापावर आले आणि हातातली पट्टी खाली ठेवली. डावीकडे खुब्यापाशी दोन बोटं जास्त, डावा खांदा अर्धा इंच उतरता. हे माप जगात दोनच ठिकाणी आहे, माझ्या वहीत आणि माझ्या घरात. म्हणजे उडी तू मारणारच नव्हतास. तू गच्चीवर हात हलवणार, मागे वळणार, आणि तुझ्या जागी बावन्न वर्षांचा, लोखंडी खुब्याचा माणूस खाली झेपावणार. नंतर खोक्यांतून तू हसत बाहेर येणार, बोट वर करून. आणि ह्या सगळ्याची जॅकेटं मी शिवायची! एवढा निर्लज्जपणा पडद्यावरच्या खलनायकालाही सुचत नाही.

मी ह्यांना विचारलं. आधी कानावर हात, मग म्हणाले, एकदाच, शेवटचं. तेही कमी नाहीत. पंचवीस वर्षं कुणी चेहरा पाहिला नाही, तरी पडायची हौस फिटलेली नाही. मी सांगितलं, खुशाल जा. मी आदल्या दिवशी येऊन त्या खोक्यांच्या मधोमध बसून राहणार, उडी मारायची तर माझ्या डोक्यावर मारा. मी बसले असते हे त्यांना ठाऊक आहे. काल जेवताना मान खाली घालून म्हणाले, बरं, मी नाही जात. आणि मग घास तसाच हातात ठेवून म्हणाले, पण मी नाही गेलो तर हट्टाने तो स्वतः उडी मारेल, आणि त्याला पडता येत नाही. मी त्याला होकार दिला तो त्यामुळेच, असंही म्हणाले. त्यांच्याइतका चांगुलपणा माझ्यात नाही आणि येणारही नाही, पण त्या वाक्याने माझीही झोप उडाली.

म्हणून हे पत्र. कापड जसं आलं तसं परत पाठवते आहे, त्याला कात्री लावलेली नाही. गुंड्या, तू उडी मारू नकोस. तू थापाड्या आहेस, कृतघ्न आहेस, तुझे सिनेमे बघवत नाहीत. पण आई-बाबांमागे माझ्या रक्ताचा तू एकटाच उरला आहेस, आणि तुझं बोट वर येण्याची वाट बघत उभं राहण्याची ताकद माझ्यात आता नाही. एकदा ते करून झालंय माझं. लोक हसले तर हसू देत. पाठ कुणाची होती ते सांगून टाक, जमत नसेल तर पाय मुरगळला म्हण, थाप मारायला तुला कुणी शिकवायला नको. टायरच्या दुकानावरचा तो हॉल अजून आहे. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी तिथे तुझे भावोजीच पडायला शिकवतात, सगळी आठ-नऊ वर्षांची पोरं आहेत. तीन महिन्यांतले तुझे अकरा दिवस झालेले आहेत, ते हिशेबात धरायला हे तयार आहेत, मी विचारून ठेवलंय. कापडाखाली एक पांढरा पट्टा आहे, तुझ्या खऱ्या मापाचा, बेचाळीसचा. ह्या वेळी दोरा पुरला. तो बांधून ये आणि एकदा गादीवर स्वतः पड. मग वर कर बोट. मी दारातच उभी असेन.

तुझीच,
ताई