दोन हात चार बोटं

मु. कोळवण, ता. मुळशी
१० नोव्हेंबर १९६३, रविवार

चि. जया, आशीर्वाद. जावईबापू हैबतरावांनाबी, त्यांच्या वाटणीचा.

अक्षर बघून दचकू नको. आजवर माझी पत्रं बहिरू मास्तर लिहून द्यायचा. मी सांगायची, "थोरली सासू मेली एकदाची," आन तो लिहायचा, "ईश्वरइच्छेपुढे इलाज नाही." मी दिलेली एक शिवी कधी तुझ्यापर्यंत पोचली न्हाई, सगळ्या त्यानं मधल्या मधे खाल्ल्या. म्हणून औंदा बायांच्या वर्गात जाऊन बसले. संगं शेजारची धोंडाबाई. ती अजून बाराखडीत हाय, मी जोडाक्षराला पोचले. आता मधे मास्तर न्हाई. चुका दिसल्या तर गिळ.

हिकडचं म्हणशील तर भात कापून झालं. म्हस व्याली, रेडा झाला. पौडची एसटी आता रोज येते, त्यामुळं नको असलेली पावणीबी रोज येत्यात. तुझा बाप बरा हाय, तुझी आई सगुणा मला बरी ठेवते असं गावात सांगते.

आता कामाचं. तू इंग्लंडातनं लिहिलं होतंस की हितली खाट डबल हाय, रुंदी चार फूट सहा इंच. मास्तरनं पट्टी लावली, मी हात लावला. कोपरापासनं बोटाच्या टोकापर्यंत, बरोबर तीन हात. त्या मापानं गोधडी शिवायला घेतली. माझी दोन लुगडी, सगुणाचं एक, आन तुझा शाळेतला निळा परकर.

आता अमेरिकेत गेल्यावर लिहितेस की हितं डबलला फुल म्हणत्यात. माप तेच. मग नाव बदलायचं काय नडलं होतं? तू पाठवलेला दुकानाचा रंगीत कागद मास्तरकडनं समजून घेतला. इंग्लंडातली सिंगल तीन फुटांची. ती अमेरिकेत गेली की तीन इंच वाढते आन तिला ट्विन म्हणत्यात. मास्तर म्हणाला, ट्विन म्हणजे जुळी. एकटीच ठेवली तरी जुळी! मग फुल. मग क्वीन, पाच फूट. मग किंग, साडेसहा फूट. क्वीन म्हणजे राणी आन किंग म्हणजे राजा. मी म्हणलं, "मास्तर, राणी एका खाटेवर आन राजा दुसऱ्या खाटेवर, मग राज्याला वारस कुठनं आणत्यात?" मास्तर पाणी प्यायला म्हणून उठला तो परत आलाच न्हाई.

आपल्याकडं बाजेला मापाचं नाव नसतं. म्हाताऱ्याची बाज, बाळंतिणीची बाज, पावण्याचा पलंग. कोण निजतंय ते कळलं की झालं.

तू शेवटी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंस, "आम्ही ट्विन घेतलीय, गोधडीचा त्रास घेऊ नको." ट्विन म्हणजे मोजून दोन हात चार बोटं. हैबतराव आपल्या दारातनं वाकून आत येणारा गडी, आन तूबी काही काडी न्हाईस. दोघं त्यात मावता कशी? का ट्विन दोन हायेत? असतील तर मधे अंतर किती? हातात सांग न्हाई तर फुटात सांग. मला गोधडीसाठी पायजे, दुसरं काही न्हाई.

तुझी आजी
रंभाबाई


कोळवण
१९ जानेवारी १९६४, रविवार

चि. जया, आशीर्वाद.

पत्र पोचलं. खुशाली लई लिहिलीस. बर्फ किती पडला, दुधाची बाटली दारात कशी येते, हैबतरावांच्या कॉलेजातल्या मोठ्या गुरुजींची बायको तुला चहाला कशी बोलावते. दीड पान नुसता बर्फ. आन खाटेचं एका ओळीत. दोन हायेत, एक ह्या भिंतीला, एक त्या भिंतीला, हितं बरीच जणं असंच घेत्यात, झोप चांगली लागते.

जया, झोप चांगली लागावी म्हणून कुणी लगीन करत न्हाई.

इंग्लंडात तीन हातांच्या खाटेवर सहा महिने काढलेत, तवा झोपेची तक्रार न्हवती. आन आता राजा-राणीच्या मापाच्या खाटा मिळणाऱ्या मुलखात जाऊन त्या कागदावरली सगळ्यात बारकी काढलीत, तीबी दोन.

तू सगुणाला लिहिलेलं पत्र तिनं मला वाचून दाखवलं. वाचता वाचता एका जागी ती खोकली. तिला वाटतं म्हातारीला अजून वाचता येत न्हाई. ती पाण्याला गेल्यावर मी पत्र फडताळातनं काढलं आन खोकल्याची जागा हुडकली. "यांनी इथं अजून दोन वर्षं राहायचं ठरवून सही केली. मला गुरुजींच्या बायकोकडून कळलं."

मग मला भिंती कळल्या.

दोन वर्षं राहायचं का न्हाई, ते तुमचं तुमी बघा. शेतीचं शिकायला गेलेला माणूस लौकर आला म्हणून हितलं भात जास्ती पिकणार न्हाई. पण न इचारता ठरवलं म्हणजे कसं लागतं ते मला ठाऊक हाय. म्हणून एक सांगते. तुझ्या बापाला अर्धं ठाऊक हाय, तुला कुणी सांगितलंच न्हाई.

तुझ्या आजाला उकडायचं म्हणून तो पडवीत निजायचा, असं आमी सांगत आलो. मुळशीच्या पावसात कुणाला उकडतंय? माझ्या माहेरनं सागवानी पलंग आला होता. साडेतीन हात रुंद, पायांना कातीवकाम. तुझा बाप धा वर्षांचा असताना आजाच्या बहिणीचं लगीन निघालं. रुखवतात पलंग पायजे होता. आजानं माझा पलंग गाडीत चढवला. मला कळलं कधी, तर बैल जुपल्यावर.

मी म्हणलं, "ह्यो माझा हाय."

तो म्हणाला, "घरातलाच हाय न्हवं?"

दारात पावणी उभी होती. मी गप बसले. आन मग गपच बसले.

वाकळ उचलून माजघरात गेले. आजानं पडवीत बाज टाकली. अकरा वर्षं, जया. बोलायचं झालं तर तुझ्या बापाला मधे घालून. "बापाला सांग, भाकर वाढलीया." "आईला सांग, कालवणात मीठ कमी हाय." तिघंबी एका चुलीपुढं बसलेलो, हात लांबवला तर लागंल एवढ्यावर. पोरगं राघूसारखं हिकडचं तिकडं बोलून दाखवायचं, आन मधे आपल्या पदरचंबी घालायचं. "आई म्हणते, मला गूळ द्या."

पाचव्या वर्षी आजानं सुताराकडनं पलंग करून आणला. साडेतीन हात. दोन गड्यांनी उचलून माजघरात ठेवला आन तो काही न बोलता शेतावर गेला. मी म्हणलं, पलंग बोलत न्हाई, मग मी कशाला बोलू? त्यावर भाताची पोती रचली. चांगली आंबेमोहराची, आठ पोती. धोंडाबाई बघायला आली आन म्हणाली, "रंभे, गादी तरी घाल की. पोती अवघडली असतील." मला हसू फुटलं. पडवीत तोबी हसला, मला ऐकू आलं.

त्या दिवशी पोती उतरवायला पायजे होती. न्हाई उतरवली. अजून सहा वर्षं न्हाई उतरवली.

मग एका सकाळी तुझा बाप पडवीत चहा घेऊन गेला आन भरला कप तसाच घेऊन परत आला. "आईला सांग" म्हणायला तितं कुणी न्हवतं. आदल्या राती खोकला असंल, हाक मारली असंल. मधे भिंत होती, मला आलं न्हाई ऐकू. बास. ह्याच्यावर मी पुन्हा लिहिणार न्हाई, आन तूबी रडत बसू नको. तो चुकला होता, हे मी आजबी म्हणते. पण तोंडावर म्हणायला पायजे होतं.

म्हणून सांगते, भांड. मराठीत भांड, शेजारी कुणाला कळायचं न्हाई. ताट आपट, पण त्यांच्यापुढं आपट. खाटेला भांडायला लावू नको. तिला तोंड न्हाई.

आता गोधडी. तीन हातांची शिवत आली होती, तिच्या दोन्ही कडा उसवल्या आन पट्ट्या लावून वाढवली. कारण दुकानाचा तो कागद मी पुन्हा काढला. ट्विनचं माप दुप्पट केलं की किंगचं माप येतं, इंचाला इंच. बहिरू मास्तरकडनं गणित तपासून घेतलं, कशासाठी ते सांगितलं न्हाई. म्हणजे राजाची खाट तुझ्या घरात आधीच हाय. तिची दोन फळकुटं करून दोन भिंतींना लावलीत एवढंच.

तवा गोधडी चार हात आठ बोटं रुंद केलीया. एका ट्विनवर टाकलीस तर दोन्ही बाजूंनी जमिनीवर लोळंल आन पाय अडकून पडशील. मधनं कापायची न्हाई. आपला गडी नथू काल पौडला जाऊन पार्सल टाकून आला. पोस्टातला माणूस म्हणाला, "आजी कुणाला पाठवती, पलटणीला का?" हे पत्र इमानानं येईल, गोधडी बोटीनं, तीन महिन्यांनी. तेवढ्या दिवसांत खाटा ओढून बघा. जड असतील तर दोघांनी मिळून ओढा.

खालचं जावईबापूंना वाचून दाखव.

हैबतराव, तुमी शिकलेले हायसा, मी जोडाक्षरापर्यंतच. पण कागदावर सही करायच्या आधी तो बायकोला दाखवत जावा. तिला त्यातलं कळत न्हाई म्हणत असाल तर मला पाठवा. मलाबी कळायचं न्हाई, पण मी इचारून इचारून जीव खाईन.

तुझी आजी
रंभाबाई


कोळवण
१७ मे १९६४, रविवार

चि. जया, आशीर्वाद.

पत्र मिळालं. आजवरचं तुझं हे पहिलं पत्र की ज्यात खुशाली न्हाई. बर्फ न्हाई, दुधाची बाटली न्हाई, दोन पानं भरून नुसत्या तक्रारी. मी एकदा मनात वाचलं, मग धोंडाबाईला मोठ्यानं वाचून दाखवलं.

तर एकेक घेते.

दोन खाटा जोडल्या तर मधे फट राहते, आन दुसऱ्याच दिवशी हैबतराव त्या फटीत उतरले, कंबर धरली. खाटांचे मधले चारी पाय दोरीनं आवळून बांधा आन फटीत जुनं कांबळं कोंबा. कंबरेला कोमट तेल लाव. लावताना जरा जोरात चोळ, सहीचं आठवून.

घरमालकीण म्हणते, खाटा जोडल्या तर खोलीत चालायला वाट उरत न्हाई. तिला इचार, निजायच्या खोलीत चालायचं कशाला?

हैबतराव घोरत्यात. घोरूदे. घोरतोय म्हणजे हाय.

दोन वर्षांचं भांडण अजून मिटलं न्हाई म्हणतेस. तुझं म्हणणं एक वर्ष, त्यांचं दोन, आन रोज जेवताना त्यावरनं जुंपते. जुंपूदे. सही करताना तुला इचारलंबी न्हवतं, आता रोज इचारत्यात. मला दीड वर्षाचा रंग दिसतोय.

आन शेवटची तक्रार. एवढी मोठी गोधडी, तरी ते सगळी आपल्याकडं ओढून घेत्यात आन पहाटे तू उघडी पडतेस. हे ऐकून धोंडाबाई कळवळली. म्हणाली, "रंभे, पोरगी गारठून जाईल. अजून हातभर वाढवून दुसरी पाठव की."

मी म्हणलं, "येडी का काय तू? पुरली तर कोण कुणाकडं ओढंल?"

तवा दुसरी मिळणार न्हाई. तूबी ओढ.

यापुढं खुशाली लिहिली न्हाईस तरी चालंल. तक्रार मात्र म्हयन्याच्या म्हयन्याला येऊदे. ज्या म्हयन्याला येणार न्हाई, त्या म्हयन्याला मी काळजी करीन.

तुझी आजी
रंभाबाई