पाचाचा फरक

मंगळवार, ३ मार्च

मशीन आणलं. चिमट्यासारखं बोटाला लावायचं, रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा येतो. डॉक्टर म्हणाले, सकाळ-संध्याकाळ ताईचा आकडा लिहा. नवी गोळी दाब उतरवते, पण या आजारात फुप्फुसात पाणीही करू शकते. आकडा ८५ च्या खाली गेला तर तडक घेऊन या.

आजाराचं नाव मोठं आहे, चुकीचं लिहिण्यापेक्षा लिहीत नाही. समजलं ते असं — फुप्फुसातून हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या बारीक शिरा आतून बुजत चालल्यात. पुढे वाट नाही, म्हणून मागे दाब.

भावंडांतही असू शकतो म्हणे. मला विचारलं, धाप लागते का? नाही म्हणालो. वीस किलोची वजनं घेऊन जिना चढल्यावर कोणाला लागत नाही!

बुधवार, ४ मार्च

दुकानात मालकांचा नियम — दुरुस्तीला आलेला काटा आधी खात्रीच्या वजनाने तपासायचा. फरक चिठ्ठीवर लिहून काट्याला चिकटवायचा. मशीनही तसंच तपासलं. निरोगी माणसाचा आकडा ९८ च्या आसपास, असं खोक्यातल्या कागदावर आहे. घरात निरोगी मीच. माझा ९३ आला. दोन्ही हातांना तीन-तीनदा लावलं. ९३.

म्हणजे मशीन पाच कमी दाखवतं. चिठ्ठी चिकटवली: +५.

ताई ८६. लिहिले ९१.

ताई म्हणाली, "काटेवाले, मलाही चिकटव एखादी चिठ्ठी."

शनिवार, ७ मार्च

८४. लिहिले ८९. चिठ्ठी नसती तर उगाच धावपळ झाली असती.

ताई शिलाई मशीनवर बसत नाही. नुसती काजं करते. तीन शब्द बोलते, थांबते.

सोमवार, ९ मार्च

८३. लिहिले ८८.

तिचा श्वास कानात बसलाय. दुकानात ती नसते, तरी ऐकू येतो — छोटा, घाईचा, मागे कोणी उभं असल्यासारखा. आज वजनं फळीवर चढवताना इतका जवळ आला की वळून पाहिलं.

मालक म्हणाले, धापा कसल्या टाकतोस? म्हटलं, माझ्या नाहीत.

गुरुवार, १२ मार्च

८१. लिहिले ८६. एकाने वर आहे.

ताई म्हणाली, "घेऊन चल ना रे." मी वही दाखवली. तिने पानावरून बोट फिरवलं, वही मिटून परत दिली.

"तू लिहिलंयस म्हणजे बरोबरच असेल."

शुक्रवार, १३ मार्च

७८. पाच मिळवून ८३. टॅक्सी. जिन्यात तिला पाठीवर घेतलं. दोन्ही श्वास एकदम चालले होते, कोणता कोणाचा कळेना.

शनिवार, १४ मार्च

फुप्फुसात पाणी झालंय. ऑक्सिजनची नळी लावली आहे. डॉक्टरांनी वही चाळली, चिठ्ठी पाहिली. म्हणाले, आठवड्यापूर्वी आणायला हवं होतं.

मी म्हटलं, मशीनमध्ये फरक आहे. नर्सबाईंनी ताईच्या एका बोटाला त्यांचं मशीन लावलं, दुसऱ्याला आमचं. ८८. ८८.

मग त्यांनी माझा हात मागितला. मी खिशात घातला.