वलगावचा त्रियुद्धवीर

७ एप्रिल १९५८
रिटायर होऊन आठवडा झाला. हेडक्लार्कच्या खुर्चीत मी नसताना कचेरी कशी चालत असेल, देव जाणे. अजून कोणी बोलवायला आलं नाही. लाजत असतील.

निश्चय केला. उरलेलं आयुष्य इतिहासाला. विषय: वऱ्हाडातले पायदळाचे शिपाई, एकाहून जास्त लढाया लढलेले. त्यांचं सर्व्हिस रेकॉर्ड शोधून काढणे. ग्रंथ तीन खंडांत, पहिला दिवाळीला. उद्यापासून पहाटे उठणे.

८ एप्रिल
उठलो नाही. पहाटे मेंदू ताजा नसतो असं डॉक्टरसुद्धा म्हणतात. कोणते, ते आता आठवत नाही.

२० एप्रिल
अकोल्याला जाऊन आलो. इनायतुल्ला मास्तर तिथे शाळेत ड्रिल शिकवायचे. रिटायर झाल्यावर तेही नेमका हाच विषय धरून बसलेत. चोरी म्हणत नाही, पण त्यांच्याजवळ मी बोललो होतो एवढं खरं. त्यांना बाळापूरकडचा एक शिपाई सापडलाय, दोन लढाया लढलेला. मास्तर त्याच्याबद्दल असे बोलत होते, जसं काही हिटलरला त्या दोघांनी मिळूनच पाडलं.

परतीच्या गाडीत ठरवलं. अकोल्याचा दोनचा, तर अमरावतीचा तीनचा पाहिजे. असणारच. फक्त शोधायचा आहे.

४ मे
सापडला! वलगावला. नाव बुधाजी, पायदळाचे पेन्शनर. मी मुद्दाम सोला हॅट घालून गेलो. मला पाहताच बुधाजी अटेन्शनमध्ये उभे. मी हाताने खूण करेपर्यंत बसले नाहीत. माणसाची पारख आहे.

प्रश्नावली मी स्वतः तयार केलेली, सायंटिफिक मेथडने. ब्रह्मदेशच्या लढाईत होता? जी साब. अठ्ठेचाळीस साली काश्मीरला? जी साब. मग सहज म्हणून विचारलं, पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेला होता काय? जी साब.

तीन! टांगेवाला उगाच हसला. अडाणी माणूस.

चहा त्यांच्या धाकट्या भावाने आणला. त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. कडबा कापताना गेली असतील. निघताना पंचफुला नावाची बाई दारात आली अन् म्हणाली, साहेब, आमच्या घरच्याइचं नाव लिहिजा बरं. कोणाचं, विचारलं तर पदर तोंडाला लावला. नवऱ्याचं नाव बायकांनी घ्यायची आपल्याकडे रीत नाही, मी काय ते समजलो. म्हटलं, बाई, पानोपानी तेच नाव असेल! बुधाजींच्या बायकोचा चेहरा एकदम फुलला.

५ मे
आकडेमोड केली. बुधाजींचा जन्म १९१७ चा. म्हणजे बसऱ्याच्या वेळी ते पाळण्यात. जन्मसाल चुकलेलं असणार. आपल्याकडे जन्मतारखा कशा लिहितात, मला ठाऊक आहे, मीच तीस वर्षं लिहिल्या. मी त्यांचं साल १८९९ केलं. आता ते साठीला आले. तसे दिसत नाहीत. लष्करी शिस्त!

१२ जून
ही म्हणाली, मीही येते वलगावले, वांगी चांगली भेटतात. इंटरव्ह्यूत लुडबुड नको म्हणून तिला आत पंचफुलाजवळ बसवलं. बाहेर मी बुधाजींना काश्मीरची मोहीम समजावून सांगितली. अंगणात दगड मांडले. हे टोळीवाले, हे आपण, हा डोंगर, हा नाला. मधे दोनदा बुधाजींनी तोंड उघडलं, पण माझी सवय आहे, सुरू केलेलं पुरं करतो. चहावाला भाऊ खांबाला टेकून मन लावून ऐकत होता. एकदा त्याने टोळीवाल्यांचा दगड उचलून नाल्याच्या पलीकडे ठेवला. मी परत जागेवर आणला. ज्याने लढाई पाहिली नाही त्याला असं कुतूहल असतंच.

घरी येताना ही म्हणाली की पंचफुला बुधाजीची बायको नाहीच, ती या धाकट्या भावाची. बुधाजींची बायको वारून लय वर्षं झाली. असेल. म्हणजे बाईला आपल्या भासऱ्याचा, थोरल्या दिराचा, अभिमान आहे. चांगली गोष्ट. ही आणखी काही सांगून राहिली होती, काश्मीरबद्दल. मी म्हटलं, काश्मीर मला पाठ आहे. मग ती वांग्यांवर बोलली.

१८ ऑगस्ट
सर्व्हिस रेकॉर्डचा उतारा आला! खटपटीला फळ. त्यात दोन वेळचं वर्णन आहे. भरतीच्या वेळी: उंची पाच फूट चार इंच, उजव्या डोळ्याखाली तीळ. काश्मीरमध्ये दवाखान्यात: उंची पाच फूट सात इंच, तीळ नाही. बर्फाने सडल्यामुळे डाव्या हाताची दोन बोटं कापली.

तसाच मोटर पकडून वलगावला गेलो. बुधाजींची बोटं मोजली. दहा. विचारलं, तुमची दोन बोटं कापली होती ना? जी साब. मग परत आली काय? बुधाजींनी भावाकडे पाहिलं. जी साब.

वैद्यकशास्त्रात खळबळ उडेल. तळटीप टाकणे. उंचीचं कारण सोपं आहे, पलटणीतला खुराक. तीळ काश्मीरच्या हवेने गेला. पण डोळ्याखाली आज पुन्हा दिसतो. वऱ्हाडचं ऊन.

१९ ऑगस्ट
हिला उतारा वाचून दाखवला. ती पोळ्या लाटायची थांबली. म्हणाली, अवो, एकदा ऐकून त घ्या, काश्मिरात बुधाजी गेलेच नवते. मी शांतपणे विचारलं, मग सरकारी रेकॉर्ड काय खोटं बोलतं? तिने पुन्हा लाटणं घेतलं. मी पेपर घेतला. संशोधकाचं घर म्हणजे एकटेपणा.

१२ नोव्हेंबर, पाडवा
खंड पहिला आज निघायचा होता. तयारी बरीच आहे. ग्रंथाचं नाव झालं: 'वऱ्हाडचा त्रियुद्धवीर'. शब्द माझा. अर्पणपत्रिका झाली. माझा फोटो काढून झाला, पहिल्या पानासाठी. आता मधला मजकूर तेवढा राहिला.

१४ डिसेंबर
वलगावला सव्वीस जानेवारीला बुधाजींचा जाहीर सत्कार ठरवला. ध्वजवंदन झाल्यावर. एक रिटायर्ड मेजरसाहेब यायला कबूल झालेत. इनायतुल्ला मास्तरांना खास आमंत्रण. पहिल्या रांगेत बसवणार, म्हणजे चेहरा दिसेल.

सुरुवात सत्यनारायणाने करू म्हटलं. बुधाजी म्हणाले, आमी बौद्ध झालो साहेब, दोन वर्षं झाले. हे त्यांचं पहिलं 'जी साब' नसलेलं वाक्य. मी लगेच म्हटलं, बुद्धवंदनेने करू, मी सुधारक आहेच. मग ते म्हणाले, सत्कार नको. विनय! आत जाऊन दोघा भावांची हळू आवाजात बरीच बोलाचाली झाली. धाकटा म्हणत होता, मेडल तुमचंच राहू द्या. घरगुती बाब दिसते.

निघताना पंचफुला फाटकापर्यंत आली. आज हसत नव्हती. म्हणाली, "साहेब, त्या दिवशी माइकवर आमच्या घरच्याइचं नाव घेसान ना? एवढे वर्षं झाले, कोनी घेतलं नाई." मी म्हटलं, घेईन. ती म्हणाली, वचन द्या. दिलं. मी दिलेला शब्द पाळतो, सगळ्या कचेरीला माहीत आहे.

२६ जानेवारी १९५९, संध्याकाळ
जसं झालं तसं लिहितो.

मंडप भरला होता. बुधाजी स्टेजवर, पायजमा कडक, छातीवर मेडल, मान खाली. मी बोललो. बसरा, ब्रह्मदेश, काश्मीर, क्रमाने. लोक मधेमधे हसत होते, मला वाटलं रंगलं. मेजरसाहेबांना डुलकी आली, पण ते वयामुळे. इनायतुल्ला मास्तर पहिल्या रांगेत अगदी गप्प. मी मनात म्हटलं, जिरली.

मग हार घालायला मेजरसाहेब उठले. म्हणाले, पलटणीच्या पद्धतीने बोलावतो. माझ्या हातातला उतारा घेतला अन् परेडच्या आवाजात नंबर पुकारला. सिपाही नंबर चार हजार सातशे एक!

"हाजिर साब!"

आवाज दोन आले. एक माझ्या बाजूच्या खुर्चीतून. दुसरा मंडपाच्या मागून, पाण्याच्या रांजणाजवळून. चहावाला भाऊ अटेन्शनमध्ये उभा, छाती पुढे, हातात पाण्याचा गडवा. नंबर ऐकून उभा राहिला. थांबता आलं नाही त्याला. मग दोघं भाऊ एकमेकांकडे पाहत राहिले.

मंडपात कोणालाच नवल वाटलं नाही. वाटलं ते मला, मेजरसाहेबांना अन् मास्तरांना. बायकांत बसलेली ही तर माझ्याकडेच पाहत होती.

मेजरसाहेबांनी विचारलं, ये क्या मामला है? बुधाजी सरळ उभे राहून बोलले. "साब, बर्मा माहा हाय. मंग सुट्टीवर आलो अना टायफाइड झाला. सुट्टी संपली, पलटन काश्मिरात निंगाली. नाई गेलो त भगोडा म्हनले असते. हा माह्या नावावर गेला. बोटं याचे गेले अना मेडल मले भेटलं. मले हे लय टोचते साब."

मेजरसाहेब म्हणाले, और बसरा?

बुधाजींनी माझ्याकडे पाहिलं. "बसरा या साहेबाइचा हाय."

लोक पोट धरून हसले. मास्तरांनी रुमाल तोंडात कोंबला. मेजरसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी धाकट्याला पुढे बोलावलं, अन् सगळा मंडप एकदम चूप झाला. मलाही वाटलं, आता धरतात याला. दुसऱ्याच्या नावावर चाकरी करणं म्हणजे गुन्हाच. त्यांनी त्याचा डावा हात हातात घेऊन पाहिला. हिंदीत दोन प्रश्न विचारले, कुठल्या खिंडीत अन् कुठल्या महिन्यात. त्याने ताडकन उत्तरं दिली. मग मेजरसाहेब एक पाऊल मागे सरले आणि त्यांनी त्याला सॅल्यूट ठोकला.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, इस जवान का नाम बताइये.

माइक माझ्या हातात होता. तोंड उघडलं. मे महिन्यापासून या माणसाच्या हातचा चहा प्यालो. त्याला अंगणात दगड मांडून लढाई शिकवली. अन् नाव कधी विचारलं नाही. लाज वाटली. इथे दुसरं कोणी वाचणार नाही म्हणून लिहून ठेवतो, फार लाज वाटली.

तेवढ्यात पंचफुला उठून उभी राहिली. पदर तोंडाला धरलेला होता. तिने तो बाजूला केला.

"देवराव. देवराव नाव हाय माह्या मालकाचं."

एक म्हातारी 'अवो माय' म्हणाली. भरल्या मंडपात बाईने नवऱ्याचं नाव घेतलेलं मी तरी पहिल्यांदा ऐकलं. मग मी ते माइकवर घेतलं. वचन दिलं होतं. आवाज नीट निघाला नाही, माइक खराब असावा. हार एकच आणला होता. बुधाजींनी तो आपल्या गळ्यात पडूच दिला नाही.

२७ जानेवारी
मास्तरांना बडनेऱ्याला गाडीत बसवून दिलं. वाटेत ते काही बोलले नाहीत, ही त्यांची शराफत. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाले, भाईसाब, आमच्या बाळापूरवाल्याचंही पुन्हा तपासतो आता.

१ फेब्रुवारी
वलगाव. हॅट घातली नाही. प्रश्नावली नेली नाही. देवरावसमोर बसलो अन् म्हटलं, तुम्ही सांगा, मी ऐकतो. काश्मीर कसं होतं?

देवरावने बराच विचार केला.

"थंडी होती साहेब."

मी थांबलो. सवय नसल्यामुळे फार जड गेलं. तो हाताकडे पाहत बसला होता. चहा आज पंचफुलाने आणला अन् देवराव माझ्याबरोबर बसून प्याला. घरी येऊन खंड पहिला काढला, त्यात लिहिलं: थंडी होती. आजवरच्या सगळ्या मजकुरात एवढंच खात्रीचं आहे.

८ फेब्रुवारी
साप्ताहिकात बातमी आली. बुधाजींचं नाव आहे, देवरावचं ठळक अक्षरात आहे, मेजरसाहेबांचं आहे, रांजण देणाऱ्याचंही आहे. माझ्याबद्दल एक ओळ: 'एका हौशी गृहस्थांनी प्रास्ताविक केले.'

हिला मोठ्याने वाचून दाखवलं. मग म्हटलं, पंचफुलाने एवढ्या लोकांत नवऱ्याचं नाव घेतलं. इथे तर घरात कोणी नाही. तूही सांग एकदा, हे गृहस्थ कोण ते. मला ऐकायचं होतं, खरंच.

हिने पदर सावरला. वाटलं, घेते.

"घेतलं असतं," ती म्हणाली. "पन तुमी कोन्या लढाईवर गेलते?"

चहा प्यालो.