शेरा: घर बंद, कोणी राहत नाही

ती. दादांस,

रिकाम्या घरात राहणाऱ्या तुमच्या मेहुण्याचा नमस्कार. इकडे सर्व क्षेम, म्हणजे मी. बाकीचे सर्व पाच दिवसांपासून तुमच्याकडेच आहेत. तुमची कंबर कशी आहे? नगरपालिकेचं मासिक पत्रक ज्या मोडक्या खुर्चीत बसून तुम्ही लिहिता, ती बदलून मिळाली का? (चार अर्ज झाले म्हणे, तेही स्वतःच्याच कार्यालयात. मग माझं काय घेऊन बसलात!)

तुमच्या बहिणीने तिची बाजू सांगितली असेलच, ही माझी. पत्रकाच्या दुसऱ्या पानावरचं तुमचं ‘नागरिकांनो, थेंब वाचवा’ हे सदर श्रद्धेने वाचणारा मी शहरातला एकमेव माणूस असेन. (तुमची बहीण त्यावर भाजी निवडते.) तुम्ही लिहिलंत, दात घासताना नळ बंद ठेवा, मी एका पेल्यात भागवू लागलो. तुम्ही लिहिलंत, एका बादलीत आंघोळ करा. मी अर्धीवर आलो आणि मुलांनाही आणलं. भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं कुंड्यांना, असे चार महिने काढले. मुलगी नळ उघडा ठेवून साबण लावताना सापडली, तेव्हा तिच्याकडून सूचना क्रमांक सहा दहा वेळा लिहून घेतली. दादाच्या घरी शॉवर अर्धा अर्धा तास चालतो, असं तुमची बहीण तेव्हाच म्हणाली होती. मी तुमची बाजू घेतली, हे लक्षात असू द्या.

तर आमच्या मीटरचा काटा इतका कमी हलला, की मीटर वाचणाऱ्या गृहस्थांनी त्यावर दोनदा टिचकी मारून पाहिली म्हणे. त्या वेळी आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत. त्यांनी शेरा मारला: ‘वापर नगण्य. घर बंद. कोणी राहत नाही.’ आठवड्याभरात फिटर येऊन रस्त्यावरचा कॉक बंद करून, सील ठोकून गेला. शेजाऱ्यांची टाकी दोन वर्षं रोज सकाळी तासभर ओसंडून वाहते. त्यांचा काटा गरगर फिरतो, म्हणून ते शहराचे रहिवासी! चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, ती अशी.

पालिकेच्या पाणी विभागात चार नंबरच्या खिडकीवर गेलो. म्हटलं, बाई, मी तिथेच राहतो. त्यांनी मला न्याहाळलं (तीन दिवस आंघोळ नव्हती, त्यामुळे फार जवळून नाही) आणि राहत असल्याचा पुरावा मागितला: गेल्या तीन महिन्यांचा भरपूर पाणीवापर. तुमचं सदर कापून चिकटवलेली माझी वही मी पुढे केली. ते पत्रक आमच्याकडे कोणी वाचत नाही, असं त्या अगदी शांतपणे म्हणाल्या.

आणि त्याच संध्याकाळी या महिन्याचं पत्रक आलं. पहिल्याच पानावर तुमची बातमी: ‘शहरातील अकरा रिकाम्या घरांचा छडा, विभागाची धडाडी.’ यादीतलं तिसरं घर तुमच्या सख्ख्या बहिणीचं आहे, दादा. पत्ता तुम्ही स्वतः छापलात. हात दाखवून अवलक्षण मी केलं खरं, पण हात पुढे करायला तुम्हीच सांगितलं होतंत. तुमच्या बहिणीने ते वाचलं. बाथरूमच्या दारावरच्या तुमच्या सूचना फाडून तिने माझ्या हातात दिल्या, मुलांचे टॉवेल उचलले आणि तुमच्याकडे निघून आली.

असो. माझी कुणाबद्दल काही तक्रार नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
(पालिकेच्या दप्तरी नसलेला) मेहुणा

ता. क. १: ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. गुरुवारी सकाळी तपासनीस घर पाहायला येणार आहेत. एकटा माणूस दाखवून चालणार नाही, तो राखणदारही असू शकतो, असं बाईंनी बजावलंय. कुटुंब नांदताना दिसलं पाहिजे. तरी तुमच्या बहिणीला आणि मुलांना तासाभरासाठी पाठवा.

ता. क. २: ‘तासाभरासाठी’ हे मी घाबरून लिहिलं. काल कामावरून आलो आणि सवयीने नळ नीट बंद आहे ना, ते पाहायला स्वयंपाकघरात गेलो. तिथे कोणीच नव्हतं. मीटरवाल्याने शेरा थोडा आधी मारला, एवढंच; खोटा नाही मारला. हे तिला वाचून दाखवा.

ता. क. ३: आणि सांगा, पाणी आलं की तिने नळ हवा तेवढा वेळ उघडा ठेवावा, मी हूं की चूं करणार नाही. (दात घासताना मात्र नको.)