होडी सुनेच्या नावे

मी, बयाबाई कारभारी विधाते, वय बावन्न, शिक्षण चौथी, धंदा फुलशेती आणि होडी, राहणार निंबोणवाडी, गंगापूर धरणाच्या पलीकडचा काठ, जिल्हा नाशिक, आज लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी दम दिलेला नाही. कोणी लाडीगोडी लावलेली नाही, आणि लावली असती तरी उपयोग झाला नसता.

येत्या सोमवारी माझं पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. बारा वर्षांपूर्वी भरलेल्या होडीत पाय ठेवताना माझे मालकही हेच म्हणाले होते. म्हणून आधी लिहिते, मग दवाखान्यात जाते.

नाशकातल्या द्वारका चौकातल्या वकिलांनी एक कागद टाईप करून दिला होता. त्यात सगळं कायदेशीर होतं, पण होडी "इतर किरकोळ जंगम वस्तू" या ओळीत बसवली होती. तो कागद मी परत दिला. वकील म्हणाले, मग बाई तुम्हीच लिहा, हाताने लिहिलेलं चालतं, फक्त दोन साक्षीदार पाहिजेत. म्हणून हे अक्षर माझं आहे. शुद्धलेखन मुलीने, साधनाने बघितलं. मजकुराला हात लावू दिला नाही.

कलम १. मालकांच्या पश्चात माझ्या नावावर लागलेली वाडीतली जमीन आणि राहतं घर माझा मुलगा दीपक याला द्यावं. त्याने तिथे झेंडू लावावा, शेवंती लावावी नाहीतर द्राक्षं लावून बघावीत, मी विचारायला येणार नाही. एक अट आहे. विहिरीच्या पश्चिमेचा तुकडा, ताटीचा मांडव आहे तेवढा, दरवर्षी मिरगाला कडू भोपळा लावण्यासाठी सोडावा. गोडा भोपळा लावू नये. गोडा भोपळा लोक खाऊन टाकतात.

कडू भोपळा कशाला, ते पुढे येईल.

कलम २. माझ्या पाटल्या, पोत आणि पितळेचा मोठा हंडा साधनाला द्यावा. ती वणीला दिलेली आहे, स्टँडजवळ ओटीच्या सामानाचं दुकान चालवते, आणि तिच्या घरात हिशोब तीच बघते. म्हणून हे मृत्युपत्र अमलात आणायचं कामही तिच्याकडे. दीपकने तिला हंड्यावरून बोलू नये. तो हंडा माझ्या आईचा आहे आणि दीपकला तो उचलत नाही.

कलम ३. होडी.

माझी लाकडी होडी, दोन वल्ही, बांबू, पाणी उपसायचा डबा आणि काठावरची खुंटी, हे सगळं माझी सून शुभांगी दीपक विधाते हिला द्यावं. एकटीला. दीपकचा त्यात हक्क नाही आणि त्याने तो सांगू नये.

दीपकला याचा राग येणार हे मला माहीत आहे. त्याला नाशकात इंदिरानगरला फ्लॅट घ्यायचा आहे, आणि धरणाकाठी हॉटेल बांधणारा एक माणूस होडी मागतो आहे. इंजिन बसवायचं आणि रविवारी शहरातली माणसं फिरवायची, असा त्याचा बेत. दीपक मला म्हणाला, "आई, पाच माणसं जास्त बसली तर काय होतं?" माझ्या पोटी जन्मून त्याने हे विचारलं. मी त्या दिवशी भाकरी अर्धी टाकून उठले.

वाईट मुलगा नाही तो. पण होडी काठाला लागायच्या आधी पहिला उभा राहतो तो दीपकच. लहानपणापासून. बसवून बसवून मी थकले.

काय होतं ते मी इथे लिहून ठेवते. माझ्यानंतर कोणी बदलून सांगू नये.

१९९४ चा दसरा होता. आदल्या दिवशी दुपारी वाडीतला सगळा झेंडू एका फेरीत न्यायचा ठरला. माझे मालक कारभारी वल्ह्यावर होते, धाकटे दीर पुंजाराम पुढे दोर घेऊन बसले होते. बाकी आम्ही वाडीतल्या बायका आणि दोन गडी. फुलांची पोती तळाशी मावेनात म्हणून वरच्या वर रचली आणि त्यांच्यावर माणसं बसली. पाणी होडीच्या काठाला टेकलं होतं. मी म्हणाले, दोन फेऱ्या करू. मालक म्हणाले, काळजीचं कारण नाही.

खरंच काही झालं नाही. पाणी ओलांडलं. काठ दोन बाजांएवढ्या अंतरावर राहिला. तिथे जुन्या नाल्याचं पात्र आहे, काठाशीच पुरुषभर खोल. वर मल्हारीचा टेम्पो उभा होता. त्याने हॉर्न वाजवला. ज्याचा माल आधी चढेल त्याचा आधी फुलबाजारात उतरेल, आणि दसऱ्याच्या भावाला तासाचीही खात्री नसते. हॉर्न ऐकला आणि सगळेच उठले. पाण्याने बुडवलं नाही आम्हाला. आम्ही उभे राहिलो.

होडी पालथी झाली. पुंजारामला पोहता येत होतं. त्याने मला अंबाड्याला धरून काठावर ओढलं, आणखी तिघींना ओढलं. हे त्याचं आहे, मी नाकारत नाही. गडी आपापले निघाले. मालक दिसेनात.

पिवळा धमक झेंडू वाऱ्याने धरणाच्या भिंतीकडे चालला होता आणि त्यात मालकांची पांढरी टोपी होती. कोळ्यांची होडी आली, ती टोपीमागे गेली. काठावरचे लोक टोपीमागे पळाले. पुंजाराम पोहत टोपीमागे गेला. मी चिखलात बसून ओरडत होते की पालथ्या होडीतून ठोकल्यासारखा आवाज येतो आहे. पुंजाराम दम खायला काठाला आला तेव्हा मी त्याचा हात धरून सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, लाटंनं लाकूड वाजतंय. तुम्हाला पाण्यातलं काय कळतंय, गप बसा."

मी गप बसले नाही. पण मला पोहता येत नव्हतं.

दिवस मावळताना होडी सरळ केली. मालक तिच्याखालीच होते. आडव्या फळीला धरलेला हात सोडवावा लागला.

टोपी हलकी असते, वाऱ्याबरोबर जाते. फुलंही जातात. माणूस जिथे पडला तिथेच बघायचं, आणि सगळ्यात आधी होडीखाली. हे ज्याला लिहून घ्यायचं त्याने घ्यावं.

कलम ४. त्या वर्षी थंडी सरल्यावर मी विहिरीत पोहायला शिकले. वय चाळीस. लहान पोरं शिकतात तसे सुकवलेले कडू भोपळे पाठीला बांधून. शेजारची कुसाबाई विहिरीच्या काठावर कमरेला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "बया, सवाष्णपण गेलं, आता लाजही सोडली का? निस्ती भाजी दिसतीस तू." मी खालून म्हणाले, भाजी तरंगते, तू बुडशील. पुढच्या उन्हाळ्यात तिची नात तिनेच आणून सोडली. वर म्हणाली, हिला नीट शिकव, हिचं सासर नदीकाठचं हाय.

म्हणून मांडवावर सुकत असलेले सगळे भोपळे वाडीतल्या बायकांना वाटावेत, आणि त्यातला सगळ्यात मोठा कुसाबाईला द्यावा. तिने तो चुलीवरच्या फळीवर, येता-जाता दिसेल असा ठेवावा. द्वारकेच्या टायरवाल्याकडून आणलेल्या ट्रकच्या जुन्या ट्यूबा होडीबरोबर राहतील. प्रत्येक उतारूला भोपळा नाहीतर ट्यूब. अंगाला ओशट लागतं, साडी खराब होते, हे मला सांगू नये. साडी धुता येते.

कलम ५. शुभांगीच का, हे दीपक विचारेल.

ती या घरात आली तेव्हा हंड्यातल्या पाण्याला घाबरायची. मी तिला पहिल्याच उन्हाळ्यात विहिरीत उतरवलं. रडली, नाकातोंडात पाणी गेलं, दुसऱ्या दिवशी माझ्या आधी विहिरीवर हजर. पण पोहणारे पुष्कळ असतात. पुंजारामही पोहत होता.

गेल्या वैशाखात पलीकडे लग्न होतं. वऱ्हाड काठावर आलं आणि अख्खंच होडीत चढायला लागलं, वाजंत्री ढोलासकट. मी खुंटीजवळ होते, वल्ह्यावर शुभांगी. नवरदेवाचा मामा, फेटा बांधलेला, गावचा मोठा माणूस, सगळ्यात शेवटी चढला. शुभांगी म्हणाली, "मामा, तुम्ही उतरा. पुढच्या फेरीला या."

तो म्हणाला, "मला उतरवणारी तू कोण गं?"

"होडीवाली."

"मुहूर्त टळला तर?"

"तुमच्याशिवाय कसा टळल, मामा? अंतरपाट धरायला तुम्हीच लागता. थांबतील ते." माणसं हसली. मामाही हसला आणि उतरला. आणि ढोलही उतरला.

मला इतक्या वर्षांत कोणाला हसवून उतरवता आलं नाही. मी शिव्या देऊन उतरवते. होडी तिची.

तिने होडी विकू नये, इंजिनवाल्याला तर नाहीच. दीपकबरोबर इंदिरानगरला जावंसं वाटलं तर खुशाल जावं, मी तिला पाण्याला बांधून ठेवत नाही. पण जाण्याआधी होडी वाडीतल्या अशा बाईला द्यावी जिला पोहता येतं आणि नाही म्हणता येतं. दोन्ही पाहिजे. एकावर भागत नाही.

आणि दोर खुंटीला बांधल्याशिवाय कोणी उठायचं नाही. नवरदेव असो, आमदार असो, दीपक असो.

कलम ६. माझ्या अस्थी रामकुंडावर न्याव्यात. धरणात सोडू नयेत. त्या पाण्याला आमच्या घरातलं एक माणूस दिलं तेवढं पुरे. धरणाचंच पाणी खाली रामकुंडाला येतं हे मला कळतं, कोणी समजावू नये.

कलम ७. दीर पुंजाराम यांना काहीही देऊ नये.

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोललेले नाही. तेही होडीत बसलेले नाहीत, रस्त्याने वळसा घालून बाजाराला जातात. दर उन्हाळ्यात होडी काठावर उलथी टाकली की मी शेतात असताना कोणीतरी तिच्या फटींत डांबर भरून जातं. मला कळत नाही असं त्या माणसाला वाटतं. डांबर चांगलं भरलेलं असतं, म्हणून मी बोलले नाही.

काही न देण्याचं कारण राग नाही. राग आहे, पण ते कारण नाही. वकिलांनी सांगितलं की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. आणि कलम ३ मध्ये जे लिहिलं आहे त्याला साक्षीदार म्हणून मला पुंजारामच पाहिजेत. दुसरा मल्हारी टेम्पोवाला. तो तेव्हापासून काठावर हॉर्न वाजवत नाही, खाली उतरून दोर धरतो. या दोघांनी सही केली की उद्या दीपक किंवा हॉटेलवाला कोणी म्हणू शकणार नाही की म्हातारीने उगाच भीती घातली.

कलम ८. हे कलम सह्यांच्या आधी, आत्ताच लिहिते आहे.

साधनाने पुंजारामना बोलावून आणलं. बारा वर्षांनी आमच्या ओट्यावर चढले. बरोबर गोणपाटात काहीतरी गुंडाळलेलं होतं, ते दाराशी ठेवलं. साधनाने सगळं वाचून दाखवलं. कलम ३ आलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं नाही, मल्हारीने बघितलं. दीपक भिंतीला टेकून उभा होता, तो मध्येच कधीतरी खाली बसला.

वाचून झालं. पुंजारामनी गोणपाट सोडलं. नवा नायलॉनचा दोर होता, होडीच्या काठाभोवती पुरेल एवढा, हातभर अंतरावर गाठी मारलेला. ते म्हणाले, "वहिनी, हा भवती बांधायचा. पालथी झाली तर गाठीला धरून राहता येतं. चौघांनी एका अंगानं वढला तर होडी सरळ व्हती. तवा हा नव्हता."

मी म्हणाले, "तवा मी होते."

त्यांनी दोर परत गोणपाटावर ठेवला. मग म्हणाले, "व्हय. तुम्ही सांगत व्हता."

मला एवढंच ऐकायचं होतं.

वकिलांना शेजाऱ्याच्या फोनवरून विचारलं की साक्षीदाराला देता येत नाही, पण साक्षीदाराने दिलं तर घेता येतं का. वकील म्हणाले, घ्या. म्हणून कलम ३ मधल्या सामानात गाठींचा एक दोर वाढवला आहे. तोही शुभांगीचा. तो उद्या सकाळी पुंजाराम स्वतः बांधतील. बांधून झाल्यावर होडीत बसून पलीकडे जाऊन येतील, असं मी सांगितलं आहे. वल्ह्यावर शुभांगी असेल. दीपकने काठावर दोर धरावा.

वरचा सगळा मजकूर माझ्या हाताचा आहे, खाडाखोड माझी आहे, आणि मी हे चौघांसमोर ऐकून मान्य केलं आहे. याआधी मी कोणाला तोंडी काही कबूल केलं असेल तर ते धरू नये.

लिहून देणार:
बयाबाई कारभारी विधाते (सही)

आमच्यासमोर सही केली, आणि कलम ३ मध्ये लिहिलं आहे तसंच घडलं होतं, म्हणून साक्ष:
१. मल्हारी, टेम्पोवाला (सही)
२. पुंजाराम विधाते, कारभारी यांचा धाकटा भाऊ (सही)

मुक्काम निंबोणवाडी, जिल्हा नाशिक
दिनांक १८ मे २००६